माणूस असल्याचा दाखला, मुक्काम इगतपुरी

पावसाळ्यात लोक इगतपुरीला धबधबे बघायला जातात, धुक्यात फोटो काढायला जातात, काही जण दहा दिवस तोंड मिटून बसायलाही जातात. मी गेलो तो आपण माणूस आहोत हे सिद्ध करायला. निघताना हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं होतं, आपण गाडी चालवायची, मुलीला दारात सोडायचं, बाहेर आल्याचा चहा पीत बसायचं आणि रविवारी तिला घेऊन परत यायचं. बावन्न वर्षांच्या बापाकडून जगाची याहून जास्त अपेक्षा नसते, अशी माझी समजूत होती.

इंदिरानगर

आमची मुलगी मुक्ता सव्वीस वर्षांची. पुण्यात शाळेची पुस्तकं छापणाऱ्या एका कंपनीत ती चित्रं काढायची. एका सोमवारी कंपनीनं सांगितलं की आता चित्रं यंत्र काढणार, आणि मुक्ता रंगांच्या दोन पिशव्या घेऊन इंदिरानगरला आमच्याकडे परत आली. आली ती चित्रं काढेनाशीच झाली. तिची आई रेखा झेडपीच्या शाळेत शिकवते. ती म्हणाली, "अहो, तिच्यामागे लागू नका. येईल आपोआप ताळ्यावर." मी मागे लागलो नाही. फक्त दर दोन तासांनी दार ढकलून चहा विचारत राहिलो.

एक दिवस तीच बाहेर आली आणि म्हणाली, "पप्पा, मी डराव मंडळात नाव घातलंय."

मला वाटलं, हौशी नाटकवाले असतील.

"नाटक नाही हो. बेडकांची चित्रं आहेत. पाचशे. प्रत्येक बेडूक वेगळा आणि प्रत्येक एकेकाच्या नावावर. एनएफटी म्हणतात."

"म्हणजे भिंतीवर लावायचं?"

"नाही, ते कॉम्प्युटरवरच असतं. बघू कोणीही शकतं. पण हे चित्र अमक्याचं, अशी नोंद असते आणि ती कोणालाच खोडता येत नाही."

मी सरकारी कचेरीत तीस वर्षं नोंदीच करतोय. मला ते लगेच समजलं. "म्हणजे सातबारा," मी म्हणालो. "फक्त खाली जमीन नाही."

तिनं थोडा विचार केला. "जवळपास."

पण खरी गंमत पुढेच होती. बेडूक हवा म्हणून कोणालाही मिळत नव्हता. आधी मंडळच तुम्हाला निवडणार. दुकानदारानं गिऱ्हाइकाची मुलाखत घ्यावी आणि गिऱ्हाइकानं 'मला विका हो' म्हणून आठ महिने दारात बसावं, हे मी प्रथमच ऐकत होतो. मुक्तानं समजावलं की ज्या चित्राबद्दल कोणी बोलत नाही त्या चित्राला कोण विचारतो? म्हणून आधी माणसं गोळा करायची. 'पाच मित्र आणा, रांगेत पुढे सरका,' असं सांगायचं. गर्दी झाली की ती चाळायची. टिकणारी, बोलणारी, एकमेकांना धरून राहणारी माणसं ठेवायची. आज घेऊन उद्या पळणाऱ्यांना वाटेला लावायचं.

चाळणी अशी होती. ग्रुपवर नवीन आला तो शेपटीवाला. रोज सकाळी सगळ्यांना सुप्रभात घालायचं, ख्यालीखुशाली विचारायची, कोडी सोडवायची. मग दोन पाय फुटतात. त्यातून टिकला तर चार. आणि लागोपाठ सात दिवस गैरहजर राहिला तर पाय गळून पुन्हा शेपटी.

मुक्ताला बेडूक विकत घ्यायचा नव्हता. मंडळ दुसऱ्या संचासाठी हातानं चित्रं काढणारा चित्रकार शोधत होतं, आणि चित्रं दाखवायची मुभा फक्त निवडलेल्या सभासदांना होती. ती मुभा तिला हवी होती. दुसऱ्या आठवड्यातच ती कंटाळली. "अनोळखी लोकांना रोज काय सुप्रभात घालायचं, पप्पा? मला नाही जमत."

मी म्हणालो, "ते माझ्याकडे दे."

आता माझ्याविषयी. कचेरीत हजेरीपत्रक माझ्याकडे आहे. घरी पहाटे उठून, वंदना आटोपून, पावणेसहाला मी सगळ्या नातेवाइकांना फुलाचं चित्र आणि एक चांगला विचार पाठवतो. त्याबद्दल मला सगळ्या नातेवाइकांनी फोनवर गप्प करून ठेवलं आहे. म्हणजे इकडे मी गप्प होतो आणि तिकडे बेडकांना रोज सुप्रभात घालणारा माणूस हवा होता. मुक्ताचं खातं मी माझ्या फोनवर घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून पावणेसहाला तिच्या नावानं हजेरी सुरू केली. एकही दिवस न सांगता चुकवला नाही. खिशातल्या डायरीत रोज बरोबरची खूण.

तिसऱ्या महिन्यात मला ताप आला. विनापरवानगी गैरहजर राहणं रक्तात नाही, म्हणून मी आदल्या दिवशीच ग्रुपवर रीतसर अर्ज टाकला: 'विषय: एक दिवसाची किरकोळ रजा मिळणेबाबत.' रजेच्या काळात माझ्या सुप्रभातचा कार्यभार कोणाकडे राहील, तेही लिहिलं. ग्रुपवरच्या पोरांनी हे बघून लोळण घेतली असावी. अर्जाखाली बेडकांची रांग लागली, म्हणजे मंजूर. पुढच्या आठवड्यात पुण्याच्या रोहननं लिहिलं, 'उद्या माझी परीक्षा. सुप्रभातचा कार्यभार निशाकडे.' महिन्याभरात सगळं डराव मंडळ अर्ज करून रजेवर जायला लागलं. मी मात्र मनात म्हणत होतो, आजची पिढी उगाच बदनाम आहे. शिस्त आहे पोरांना.

ऑगस्टमध्ये मुक्ताला पत्र आलं. 'अभिनंदन! आपण चार पायांच्या झाल्या आहात. अंतिम निवड इगतपुरीला. प्रत्यक्ष हजर राहणे बंधनकारक.'

घोटी

शनिवारी सकाळी निघालो. विल्होळी सोडली आणि डोंगर दिसेनासे झाले. गाडीचा डावा वायपर आपल्या मर्जीनं चालतो, उजवा बघून घेतो. दोन्हीकडे आवणी, म्हणजे लावणी, झालेली भातखाचरं पाण्यानं भरलेली. आमच्या इंदिरानगरात पाणी साचलं की आम्ही महापालिकेला फोन लावतो, इथे पाणी साचावं म्हणून बांध घालतात.

रेखानं बजावलं होतं की घोटीला थांबून इंद्रायणी तांदूळ आणायचा. बाजारातल्या एका दुकानात मी मूठभर तांदूळ हुंगत होतो आणि त्याच वेळी मुक्ताची तयारी करून घेत होतो. आठ महिने 'ती' काय काय बोलली हे तिला माहीत असणं भाग होतं.

"तुला गुडघेदुखी आहे," मी म्हणालो.

"काय?"

"डावा गुडघा. फेब्रुवारीत लिहिलं होतं मी. आता बरा आहे, मेथीच्या लाडवांनी."

"पप्पा, मी सव्वीस वर्षांची आहे!"

"आणि रोज संध्याकाळी तू जॉगिंग ट्रॅकवर तीन चकरा मारतेस. आणि हे बघ, एकदा माझ्या हातून 'आमच्या मंडळींना उपमा आवडत नाही' असं गेलंय. कोणी विचारलं तर सांग, मंडळी म्हणजे घरातले सगळे."

मुक्तानं डोळे मिटून घेतले. तांदूळ मोजणारा दुकानदार इतका वेळ मान खाली घालून ऐकत होता. त्यानं पिशवीला गाठ मारली आणि हळूच म्हणाला, "दादा, गुडघ्याचं आधीच सांगून टाका पाव्हण्यांना. मागून कळलं की लय वाईट दिसतं."

त्याचा समज काय झाला ते आम्हाला गाडीत बसल्यावर कळलं. मुक्ता हसली. बऱ्याच महिन्यांनी. त्या हसण्यावर मी इगतपुरी गाठली.

इगतपुरी, शनिवार

रिसॉर्टच्या दारात एक बाई सुपलीनं बेडूक भरून बाहेर टाकत होत्या. खरे बेडूक. पाच-सहा एकदम सुपलीत घ्यायच्या, भिंतीपलीकडे भिरकावायच्या आणि परत यायच्या. तोवर त्यातले दोन पुन्हा आत. ताराबाई त्यांचं नाव. वरच्या पाड्यावरच्या.

"लय झालेत बगा," त्या म्हणाल्या. "हालमंदी पाय ठेवायला जागा नाय. आन् सायेब सांगत्यात, आज बेडकांचा कारेक्रम हाय, सगळं चकाचक पायजे. म्हनून बेडकं काडून ऱ्हायले."

हॉलच्या आत हिरवे रेनकोट घातलेली तीस-चाळीस पोरं-पोरी गोल करून उभी होती. मधोमध श्रेयस. तो या मंडळाचा संस्थापक, आमच्याच शहरातल्या गंगापूर रोडचा, वय असेल सत्तावीस. त्यानं हात वर केला की सगळ्यांनी एका सुरात 'डराव!' करायचं, हे स्वागतगीत. बाहेर भिंतीपलीकडून जे उत्तर येत होतं ते सुराला जास्त पक्कं होतं.

मुक्तानं नाव सांगितलं आणि हॉलमध्ये एकच ओरडा झाला. "रजा मॅडम आल्या!"

पोरं धावत आली. एकीनं मिठी मारली. दुसऱ्यानं विचारलं, "गुडघा कसाय?" एक पोरगी डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "माझी नोकरी गेली होती ना, तेव्हा तू रोज विचारायचीस, जेवलीस का म्हणून. आईनंसुद्धा विचारलं नव्हतं." मुक्ता मान डोलवत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. मी कोपऱ्यात तांदळाची पिशवी धरून उभा. ती पोरगी निशा, तिला ॲसिडिटीचा त्रास आहे, ती ताक पीत नाही. मला सगळं माहीत होतं आणि मला ती ओळखतही नव्हती.

जेवायला पावाच्या तुकड्यावर हिरवा लगदा होता. परदेशी फळ आहे म्हणाले. मी दोन तुकडे खाल्ले आणि मागच्या पडवीत गेलो. तिथे ताराबाई जेवत होत्या. त्यांनी न विचारता नागलीची अर्धी भाकरी, खुरासणीची चटणी आणि करटुल्याची भाजी पुढे केली. इगतपुरीला गेलात तर पुढच्या दारानं जाऊ नका, एवढंच सांगेन.

दुपारी चाळणी सुरू झाली. एका गड्यानं चाळीस मित्र आणले होते. तपासात ते चाळीसही तो स्वतःच निघाला. त्याला प्रेमानं निरोप देण्यात आला. मग मंडळाचं सगळं व्यवस्थापन बघणारी काव्या उठली. चष्मा, हातात टॅब, आवाज आमच्या ऑडिटरसारखा. तिनं एका पोराला उभं केलं. त्यानं गप्पा मारायला दुसरा माणूस लावला होता.

"आपल्याकडे भाड्याची हजेरी चालत नाही," काव्या म्हणाली. "खातं ज्याचं, बोलणारा तोच. नाही तर नाव कायमचं कट. पुन्हा येता येत नाही."

मुक्तानं आता माझ्याकडे बघितलं. मी तांदळाच्या पिशवीकडे बघितलं. संध्याकाळी खोलीत गेल्यावर तिला म्हणालो, "सांगून टाकू का?" ती म्हणाली, "पप्पा, प्लीज. उद्या अकरा वाजता चित्रांचं आहे. तेवढं होऊ दे." मी शब्द दिला की तोंड उघडणार नाही.

रविवार, सकाळी पावणेसहा

तोंड मी उघडलंच नाही. अंगठ्यानं घात केला.

जाग आली, तोंड धुतलं, उशीशेजारी बसून वंदना म्हटली आणि सवयीनं फोन हातात घेतला. 'सुप्रभात, मंडळी. झोप लागली ना सगळ्यांना? डोंगरातली हवा आहे, कान झाकून बसा.' पाठवून दिलं. डायरीत खूण केली. मग खिडकीतून बाहेर बघितलं.

खाली अंगणात मुक्ता वही घेऊन बसली होती. समोर ताराबाई सुपली घेऊन उभ्या. मुक्ता चित्र काढत होती! आठ महिन्यांनी. मला इतका आनंद झाला की शेजारी चहाचा कप घेऊन काव्या उभी आहे हे जरा उशिरा दिसलं. काव्याचा फोन वाजला. तिनं वाचलं. मुक्ताच्या हातांकडे बघितलं. एका हातात पेन्सिल, दुसऱ्यात वही. फोन कुठेच नाही.

नऊ वाजता सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं.

"आठ महिने," काव्या म्हणाली, "एक रजा सोडली तर रोज पाच पंचेचाळीस. रविवार नाही, सण नाही. आज सकाळी मुक्ता माझ्यासमोर बसलेली असताना तिचा मेसेज आला. माणूस असं करत नाही. हे यंत्र आहे. हिनं प्रोग्राम लावलाय."

काल डोळ्यांत पाणी आणणारी निशा एकदम बारीक आवाजात म्हणाली, "म्हणजे मला जेवलीस का विचारायचं ते... यंत्र?"

जिची नोकरी यंत्रानं खाल्ली, तिलाच यंत्र ठरवत होते. आणि मुक्ता काही बोलेना, कारण बोलणार काय? यंत्र म्हटलं तरी नाव कट, बाप म्हटलं तरी कट. पण निशाचा चेहरा बघून माझ्याच्यानं राहवेना. मी कोपऱ्यातून उठलो.

"ते यंत्र मी आहे."

सगळे वळले. श्रेयस म्हणाला, "काका, तुम्ही ड्रायव्हर ना?"

"मी वडील. हजेरी मी लावत होतो. निशाला मीच विचारत होतो."

"तुम्ही काय करता, काका?"

"सरकारी नोकरी."

इथे जो हशा पिकला तो मी जन्मात विसरणार नाही. श्रेयसनं डोळे पुसले. "काका, राग मानू नका. मुलीसाठी करताय, कळतंय मला. पण सरकारी माणूस, रोज, पावणेसहाला, रविवारीसुद्धा? त्यापेक्षा यंत्र पटतं हो."

सरकारी नोकरांबद्दल लोकांचं मत मला ठाऊक होतं. ते इतक्या थराला गेलं असेल असं वाटलं नव्हतं. मी डायरी काढून दिली. त्यांनी पानं उलटली. काव्या म्हणाली, "खुणा नंतरही करता येतात." मी गुडघा पुढे केला, "हा डावा. दाबून बघा." कोणी दाबला नाही. मी सांगितलं निशाला ताक चालत नाही, रोहनची परीक्षा एप्रिलमध्ये होती. काव्या म्हणाली, ते ग्रुपवर वाचून कोणालाही कळेल.

तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "काकांना रजेचा अर्ज लिहायला लावा! आत्ता! तोंडी कारण देऊ!"

"कारण?" श्रेयसनं विचारलं.

"घरात बेडूक शिरला!"

मला कागद मिळाला. मी बसलो, समास सोडला आणि लिहिलं. 'महोदय, वरील विषयी विनंती अर्ज करितो की, माझ्या राहत्या घरी एक बेडूक अनाहूतपणे दाखल झाला असून त्याची समजूत काढण्याकामी मला एक दिवसाची किरकोळ रजा मिळावी. बेडूक निघून न गेल्यास रजेत वाढ करण्याचा अधिकार राखून ठेवतो.' दोन मिनिटंही लागली नाहीत. श्रेयसनं मोठ्यानं वाचला. 'समजूत काढण्याकामी'पाशी हॉल कोसळला. निशा उठून आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि एकदम खाली वाकून नमस्कार करायला लागली. मी म्हणालो, "अगं राहू दे, जेवलीस का?"

त्यावर कोणाला शंका उरली नाही. मी माणूस असल्याचं एकमतानं, डराव करून, मान्य झालं.

मग काव्यानं टॅब वर धरला. "पण नियम नियम आहे. खातं मुक्ताचं, बोलणारे काका. मुक्ताचं नाव कट. जागा काकांना. काका, अभिनंदन. आजपासून तुम्ही डबक्याचे राजे."

टाळ्या सुरू झाल्या. मुक्ता वही काखेत घेऊन बाहेर गेली.

मागची पडवी

ती पायरीवर बसली होती. समोर दरी असावी, धुक्यात काही दिसत नव्हतं. मी शेजारी बसलो.

"तुमच्यावर रागावले नाहीये, पप्पा."

"रागाव की. माझ्यामुळेच झालं."

"काल ती सगळी मला मिठ्या मारत होती ना, तेव्हाच मला सांगावंसं वाटलं. त्यांना जी आवडली ती मी नव्हतेच. ते मेसेज मी रोज वाचायचे. वाटायचं, ही मुक्ता किती बरी आहे. हिला जमतं लोकांशी बोलायला."

मी म्हणालो, "पहिला महिना मी तुझ्यासाठीच केलं. नंतरचं खरं सांगू? मला तिथे कोणीतरी उत्तर द्यायचं. घरच्या ग्रुपवर पाच वर्षांत कोणी दिलं नाही."

तिनं माझ्याकडे बघितलं. बघण्यात दया होती की हसू, ते धुक्यामुळे कळलं नाही, असं म्हणतो.

ताराबाई मागे भांडी घासत होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, पोरीची चित्रं आत दाखवा की. सकाळी माझं काडलं तिनं, बेडकांसकट. लय भारी हे."

"आत तिला जागा नाही, ताराबाई. जागा माझी झाली."

"मंग तुमी उठा न् तिला बसवा. त्यात काय?"

"ती देता येत नाही कोणाला. नोंद पक्की असते."

"तुमी सुट्टीवर ग्येलात मंजे हापिसात कोन बसतं?"

ताराबाई पातेलं घासत राहिल्या. मी उठलो. तीस वर्षं जे रोज हातावेगळं करतो ते मला एका बाईनं पातेलं घासता घासता सांगावं लागलं!

हॉलमध्ये परत

मी कागद मागितला. या वेळी समास जरा रुंद सोडला. लिहून श्रेयसच्या हातात दिला. त्यानं वाचायला सुरुवात केली.

'विषय: रजा मिळणेबाबत. महोदय, मला आज मंडळात जागा मिळाली असून मी ती साभार स्वीकारतो. तथापि कौटुंबिक कारणास्तव मी आजपासून रजेवर जात आहे. रजेच्या काळात माझ्या जागेचा संपूर्ण कार्यभार कु. मुक्ता यांच्याकडे राहील. त्यांनी केलेले काम मीच केले असे समजण्यात यावे. आपला विश्वासू.'

काव्या म्हणाली, "हे नियमात बसत नाही."

"नियमात रजाच नाही, ताई," मी म्हणालो. "पण पाच महिने तुम्ही सगळे ती देता-घेताय. रोहनच्या परीक्षेत कार्यभार बदलला तेव्हा बेडूक कोणी टाकला होता?"

काव्यानं टॅब खाली ठेवला. टाकणाऱ्यांत तिचाही एक बेडूक होता. डायरीत नोंद आहे.

पहिला डराव निशाचा. मग रोहनचा. मग तो हॉल असा ओरडायला लागला की भिंतीपलीकडची खरी मंडळी गप्प झाली. अर्ज मंजूर.

मुक्ताला आत बोलावलं. तिची पुण्याहून आणलेली जुनी चित्रं पिशवीतच राहिली. तिनं सकाळची वही उघडली. सुपली धरलेल्या ताराबाई, सुपलीत बसलेले सहा बेडूक, आणि त्या सहा बेडकांच्या चेहऱ्यांवर, म्हणजे मला तरी वाटलं, निवड होऊन बाहेर काढल्यासारखा अपमान. एक तर थेट आमच्या साहेबांसारखा होता. श्रेयसनं पान उलटलं, मग परत मागे आला.

"असे अजून किती काढता येतील?" त्यानं विचारलं.

"बारा तर आत्ता अंगणात आहेत," मुक्ता म्हणाली.

बारा काढायचे ठरले. बाकीचं ते बघून ठरवू, असं म्हणाले. मंडळानं ताराबाईंनाही मानाचं सभासदत्व देऊ केलं. बेडूक मोफत. त्या म्हणाल्या, "नको रे बाबा. घरात हायेत तेवढेच पुरे."

इंदिरानगर, सोमवार

रविवारी अंधार पडायच्या आत घरी पोचलो. रेखानं तांदूळ हुंगला, पास केला आणि मग विचारलं, "मुलीचं काय झालं?" मी सगळं सांगितलं. तिला यंत्राचा भाग सगळ्यात पटला. म्हणाली, लग्नानंतर पहिली दोन वर्षं तिलाही तीच शंका होती.

सोमवारी पावणेसहाला अंगठा आपोआप फोनकडे गेला. पण मी रजेवर होतो. रजेवरच्या माणसानं हजेरी लावणं म्हणजे शिस्तभंग. पाच मिनिटं मी नुसता बसून राहिलो. मुक्ताच्या खोलीत शांतता होती. सहा वाजले, सात वाजले. कार्यभार घेतलेली व्यक्ती झोपलेली होती. दहा वाजता, मी कचेरीत हजेरीपत्रक पुढे ओढत असताना, तिचा मेसेज ग्रुपवर आला. 'उठले आत्ता. मला काकांसारखं जमत नाही. हा आजचा बेडूक.' खाली चित्र. बेडूक टेबलाशी बसून अर्ज लिहीत होता, चष्मा माझा होता.

त्याखाली पोरं विचारत होती, काका कधी रुजू होणार? संध्याकाळपर्यंत तोच प्रश्न. शेवटी मुक्तानं अर्जाचा फोटो मोठा करून बघितला आणि ती स्वयंपाकघरात आली.

"पप्पा, यात रजा कधीपर्यंत ते लिहिलंच नाहीये."

रेखानं भाकरी थापता थापता माझ्याकडे बघितलं. "तीस वर्षं दुसऱ्यांचे अर्ज त्याच एका कारणावरून परत पाठवता. आणि स्वतःच विसरलात?"

"विसरलो," मी म्हणालो.